आबांच्या गाडीला जीपची चाकं

सावदा,
२६ फेब्रुवारी १९८९

बन्सीलाल,

वर 'चिरंजीव' लिहायचं की नाही यात दहा मिनिटं गेली. शेवटी नुसतं नाव लिहिलं. अकरा वर्षांनी सख्ख्या भावाला पत्र लिहिताना मायना काय घालतात ते मला ठाऊक नाही. तुझ्या वहिनीला विचारलं असतं तर तिने आधी 'कशाला लिहिताय' हे विचारलं असतं.

कामाचं तेवढं लिहितो. वाटणीत आबांची ऑस्टिन माझ्याकडे राहिली आणि तिची चाकं तुझ्याकडे गेली. चार, आणि एक स्टेपनी. पंचांनी तसं ठरवलं, आपण दोघांनी सह्या केल्या, आणि तुझ्याशिवाय गाडी माझ्या कामाची नाही नि माझ्याशिवाय चाकं तुझ्या कामाची नाहीत, असं होऊन बसलं. गाडी तेव्हापासून परसात विटांच्या थप्प्यांवर उभी आहे. चाकं अजून तुझ्याकडे आहेत का, एवढंच मला हवं आहे. हो किंवा नाही. कार्डावर मावेल.

अकरा वर्षं आठवण झाली नाही आणि आजच का, असं तू म्हणशील. सांगून टाकतो, नाहीतर तू तुझ्या मनाने भलतंच धरून बसशील. मागच्या बुधवारी नूर महंमद आला होता, आपल्या केळीचा ट्रक सुरतेला नेतो तो. चहा पिता पिता म्हणाला, "नाना, मुबारक. धुळ्याला भाऊंच्या पुष्पाचं जमलं. आखाजीनंतर तिसऱ्या दिवशी लगीन, अकरा मे." मी म्हटलं, हो, मला ठाऊक आहे. ठाऊक कुठलं असायला. माझ्या पुतणीचं लग्न मला ट्रक ड्रायव्हरकडून कळावं, याला काय म्हणायचं ते तूच ठरव.

पुष्पी नऊ वर्षांची होती. माझ्या मांडीवर बसून हॉर्न दाबायची आणि "मोठेबाबा, पळवा" म्हणायची. आम्हाला मूल नाही हे तू विसरला नसशील.

पण गैरसमज नको. मी आमंत्रण मागत नाही. थोरल्या घरी पाच सुपाऱ्यांची अक्षत पाठवायची, बाकीच्यांना एक सुपारी, ही आबांची रीत. हळदीचे तांदूळ, पाच सुपाऱ्या, कोऱ्या लाल फडक्यात. ती तू पाळशील असं मी धरून चाललेलो नाही. गाडी मला माझ्या कामासाठी चालू करायची आहे. काय काम ते माझं मी बघेन.

आपल्या घरची प्रत्येक लेक, अगदी आपली भागाबाई अक्कासुद्धा, त्याच गाडीतून सासरी गेली. हे सहज आठवलं म्हणून लिहिलं. त्याचा याच्याशी संबंध नाही.

तोताराम


सावदा,
१४ मार्च १९८९

बन्सीलाल,

उत्तर नाही. मला वाटलंच होतं. पण तू गप्प का आहेस ते मला आता कळलं आहे.

रविवारी मी रावेरला गेलो होतो. बाजाराच्या रस्त्यावर एक बैलगाडी समोरून आली. तीस वर्षं तलाठी म्हणून लोकांचे बांध मोजले, माझी नजर अजून चुकत नाही. त्या बैलगाडीची चाकं लाकडाची नव्हती. मोटारच्या रिंगा होत्या, आणि त्यांवर लोहाराकडून लोखंडी धाव चढवून घेतलेली. मी गाडी थांबवली, खाली वाकलो. आबांनी छिन्नीने कोरलेला 'श्री' जागच्या जागी होता. दोन्ही चाकांवर.

गाडीवान कोण, तर झिपरू. आपला जुना सालदार. म्हातारा झाला, पण मला बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, झिपरू, ही चाकं कुठली?

"नाना, चोरेल नहीत हो," तो म्हणाला. "धाकला भाऊनी दिधात. मी शिरपूरले गयथू, तठून भाऊले भेटाले धुयाले उतरनू. मना बैल थकी गयात, लाकडी चाकनी गाडी त्यासले वढाय नही. भाऊ म्हने, लई जा ह्या दोन."

"आणि बाकीची तीन?"

"ती माले काय मालूम? मी दोनच लयनू. नाना, ह्या चाकस्ना टायर आते कोठेच भेटत नहीत. तुम्हीन त्या लईसन काय करतात?"

हे शेवटचं वाक्य त्याच्या डोक्यातलं नाही. ते कोणीतरी त्याच्या तोंडात घातलेलं आहे. आणि कोणी घातलं ते मी ओळखतो. आता तू मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान चालवतोस, कुठल्या चाकाला टायर मिळतं नि कुठल्या नाही हे धुळ्यात तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

तरी मी खात्री करून घेतली. भुसावळ, जळगाव, बऱ्हाणपूर, तिन्हीकडे विचारलं. अठरा इंची अरुंद टायर बंद होऊन जमाना झाला म्हणतात. म्हणजे झिपरू खरं बोलला. पण खरं बोलणाऱ्यालाही शिकवून पाठवता येतं.

मला तुझी चाकं नकोत. ठेव ती तुझ्याकडे, नाहीतर वाट गावभर. मी फैजपूरच्या हनीफ मिस्त्रीला गाठलं आहे. तो म्हणतो जीपची चाकं बसवू. सोळा इंची, चांगली रुंद. आबांची गाडी तुझ्याशिवाय चालेल, आणि ती चाललेली तुला कळेलही.

तोताराम


सावदा,
३० मार्च १९८९

बन्सीलाल,

हनीफ आठवतो का? आबांच्या वेळचा मिस्त्री, त्याचा मुलगा. आता त्याचेच केस पिकले. पंधरा दिवस झाले, रोज सायकलवर येतो. इंजिन उघडलं, आतली उंदरांची घरटी काढली, आणि परवा धक्का देऊन नाही, हँडल मारून गाडी सुरू केली. विटांवर उभ्या उभ्या. तुझी वहिनी आतून पळत आली आणि दारात उभी राहिली.  

चाकांचं मात्र मला काही नीट दिसत नाही. मी हनीफला म्हटलं, एवढी जाड चाकं आबांच्या गाडीला लावायची म्हणजे धोतरावर बूट घालण्यातला प्रकार. तो हसला. "नाना, तुमाले गाडी चालवायची का फोटो काढायचा? एक काय ते सांगा." मी म्हटलं, चालवायची. "कोठी जायचंय?" मी म्हटलं, तुला काय करायचंय.

अडचण अशी की जीपच्या चाकाची भोकं ऑस्टिनच्या बोल्टांना जुळत नाहीत. मध्ये एक जाड लोखंडी प्लेट घालावी लागते, तिला दोन्हीकडची भोकं पाडायची, म्हणजे एक तोंड गाडीला बसतं आणि दुसरं चाकाला. ती लेथवर करून आणायची. आता मला सांग, लेथ काय फैजपुरात नाही? भुसावळला रेल्वेच्या गावात नाही? पण हनीफ प्लेटा करायला कुठे गेला, तर धुळ्याला. तीन वेळा. पहिल्यांदा मापं घेऊन, दुसऱ्यांदा माप चुकलं म्हणून, तिसऱ्यांदा कशासाठी ते त्याला धड सांगता आलं नाही.

मी विचारलं, धुळ्यात कोणाकडे उतरतोस? म्हणाला, चुलत बहीण आहे, जुबेदा. मी विचारलं, चाकं कुठून आणणार? म्हणाला, जुन्या बाजारातून. कोणत्या बाजारातून? तर म्हणाला, "नाना, तुम्ही पोलिसात का नाही गेले?"

हसण्यावारी नेलं की मला जास्त संशय येतो. हा माणूस माझ्या घरात रोज चहा पितो आणि त्याच्या पोटात एक आहे नि ओठात एक. तुझ्याकडे तो आला असेल तर मला सरळ कळव. माझ्या परसात काय चाललंय हे तुला कळावं म्हणून मी त्याला बोलावलेलं नाही. ते कळवायला मी आहे, आणि मी पत्र लिहितोच आहे.

पुष्पीचा होणारा नवरा शिरपूरला मास्तर आहे म्हणे. हेही नूर महंमदकडूनच. माणूस कसा आहे याची चौकशी केलीस का? तू लोकांवर पटकन विश्वास टाकतोस.

तोताराम


सावदा,
१७ एप्रिल १९८९

बन्सीलाल,

आज मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

हनीफने काल चाकं आणली. चार. टेम्पोतून उतरवली तेव्हा मी चष्मा पुसून जवळ गेलो. जुन्या बाजारातली म्हणतो, पण टायरवरचे रबराचे केस अजून तसेच. असलं नवंकोरं टायर जुन्या बाजारात कोण टाकून जातं? हे झालं एक.

दुसरं ऐक. प्रत्येक चाकावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. आणि मधल्या भोकात लाल फडक्याची एकेक पुरचुंडी सुतळीने आवळून बांधलेली. मी चारही सोडल्या. आत पिवळे तांदूळ आणि एक सुपारी. प्रत्येकीत एक. मी दोनदा मोजल्या. चार.

शुभाचं असतं तर पाच असती. नाहीतर एक असती. चार सुपाऱ्या कुठल्या कार्यात बांधतात? मर्तिकाला खांदे चार लागतात, एवढं मला माहीत आहे. पिवळे तांदूळ, सुपारी, लाल फडकं, चार दिशांची चार चाकं. तलाठी असताना मी असली प्रकरणं पाहिली आहेत. ज्याच्या बांधाशी भांडण त्याच्या शेतात नेमकं हेच पुरलेलं सापडायचं.

कोणी केलं ते मी लिहीत नाही. पण तुझ्या कमलबाईच्या माहेरी असले उद्योग चालत, असं आई म्हणायची. मी तेव्हा आईला गप्प केलं होतं.

हनीफ काहीतरी सांगायला गेला. मी म्हटलं, तू बोलू नकोस, तुला आमच्यातलं काय कळतं. त्याचं तोंड उतरलं. मग माझ्याकडे न बघता तो प्लेटा बसवत राहिला. पाचवं चाक कुठे म्हणून विचारलं तर म्हणाला, ट्यूब गळते, फैजपूरला दुकानात ठेवलंय. त्यातही काहीतरी पाणी मुरतं आहे.

तांदूळ मी कोंबड्यांना टाकले. वर एक लिंबू उतरवून त्यासकट सुपाऱ्या तिठ्यावर नेऊन फेकल्या. चाकं रॉकेलने घासली, दोन बादल्या पाण्याने धुतली, तेव्हा कुठे ती परसात ठेवू दिली. तुझी वहिनी खांबाला टेकून सगळं बघत होती. मला म्हणते, "फडकं नवं कोरं शे. करणीवाला नवं फडकं कसाले वाया घालीन?" मी म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही. तिने चारही फडकी उचलली, झटकली, घडी घातली आणि आत नेली. कशाला नेली ते विचारलं तर उत्तर नाही. या घरातसुद्धा आता मला कोणी उत्तर देत नाही.

लग्नाला चोवीस दिवस राहिले. आमच्याकडे पत्रिका नाही, माणूस नाही, निरोप नाही. त्याऐवजी हे आलं.

मी तुला आतापर्यंत पत्रं लिहिली ती चूक झाली असं दिसतं.

तोताराम


सावदा,
२८ एप्रिल १९८९

बन्सी,

पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण गाडी चाकांवर उभी राहिली आणि सांगायला कोणी नाही. म्हणून लिहितो.

विटा काढल्या तेव्हा ती हळूच खाली बसली, दमलेलं माणूस बसतं तशी. रुंद चाकांवर जरा ठेंगणी नि भारदस्त दिसते. वाईट दिसत नाही. हे मी हनीफला सांगितलं नाही.

पण रुंद चाक म्हणजे नुसतं रुंद चाक नसतं. आधी मडगार्ड. चाक डावीकडे पूर्ण वळवलं की टायर मडगार्डच्या कडेला घासतं. उजव्या बाजूची कड हनीफने ठोकून वर घेतली. डाव्या बाजूला हातोडा उचलला तेव्हा मी त्याचा हात धरला. तिथे तो पोचा आहे. तू पंधरा वर्षांचा असताना गाडी विहिरीच्या कठड्याला नेऊन भिडवलीस, तो. आबांना मी सांगितलं होतं की मी भिडवली. पट्ट्याचा वळ माझ्या पाठीवर अजून आहे, तुझ्या वहिनीला विचार. हनीफ म्हणाला, "नाना, हा पोचा काढला नाही तर गाडी डावीकडे नीट वळणार नाही." मी म्हटलं, मग नको वळू दे. आपल्या फाटकातून उजवीकडे फैजपूर. पुढे जळगाव, त्याच्या पुढे काय ते तुला माहीत आहे. मला उजवीकडेच जायचं आहे.

पुढची अडचण मोठी. परसातून फाटकाकडे येताना एका अंगाला झुंबरबाईची भिंत, दुसऱ्या अंगाला आपला ओटा. आबांच्या वेळी गाडी दोन्हीकडे चार-चार बोटं सोडून निघायची. आता प्लेटांमुळे चाकं अंगाबाहेर आली, टायर रुंद. मी टेप लावला. तीन वेळा लावला. दोन बोटं कमी पडतात. भिंत झुंबरबाईची, तिला हात लावता येत नाही. म्हणजे ओटा फोडायचा.

हनीफ हे बोलला मात्र, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाकं धुळ्याची. मापं धुळ्याला गेलेली. ओट्याची रुंदी तुला पाठ आहे, त्याच्यावर तू चालायला शिकलास. माझ्या हातून माझाच ओटा फोडून घ्यायचा, हा तो डाव. मी हनीफला तोंडावर म्हटलं, किती दिलेत रे तुला बन्सीने? त्याने हत्यारं गोळा केली, पिशवी सायकलला अडकवली आणि गेला. सहा दिवस झाले, आलेला नाही.

गाडी परसात उभी आहे. चालते, पण बाहेर पडत नाही.

वाटणीच्या दिवशी याच ओट्यावर मी काय बोललो ते तुला आठवत असणारच. "तुझा पाय या ओट्याला लागला तर मी ओटा फोडून टाकीन." पंच बसलेले होते, सगळी गल्ली ऐकत होती. बोलून गेलो आणि मग मागे घेता आलं नाही. आणखी एक. गाडी मला नि चाकं तुला, हे पंचांनी ठरवलं असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. पंच म्हणत होते, गाडी बन्सीला द्या, त्याला तिचा नाद आहे. चाकांचं माझ्याच तोंडून निघालं होतं.

एवढं लिहिलं आहेच तर राहिलेलंही लिहितो. एकोणऐंशीच्या दिवाळीत तुझं एक पाकीट आलं होतं. मी ते न फोडता 'घेण्यास नकार' लिहून परत केलं. पोस्टमन म्हणाला, नाना, भावाचं आहे. मी म्हटलं, माहीत आहे. आत काय होतं ते आता विचारत नाही. पण कधी कधी जेवताना एकदम आठवतं.

तोताराम


सावदा,
आखाजी, ८ मे १९८९

चिरंजीव बन्सीलाल यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. नूर महंमद आज ट्रक घेऊन निघतोय, त्याच्या हाती देतो. आज रात्री तुझ्या हातात पडेल.

परवा संध्याकाळी हनीफ आला. सायकलच्या मागे पाचवं चाक बांधलेलं. मी खाटेवर बसलो होतो, उठलो नाही. त्याने चाक सोडलं, माझ्यासमोर आणून जमिनीवर आडवं ठेवलं आणि बाजूला उभा राहिला. त्यावर हळदीकुंकवाची बोटं होती, आणि मधल्या भोकात लाल पुरचुंडी.

मी म्हटलं, हे काय?

"पाचवी," तो म्हणाला. "भाऊंच्या दुकानातून पाचही चाकं अशीच निघाली होती. कमलवहिनींनी बसून बांधल्या. मला वाटलं, तुमच्यात नव्या चाकाची पूजा करतात. ह्याची ट्यूब खरंच गळत होती, नाना. म्हणून मागं राहिलं. आता भाऊंनी निरोप दिला, ते पाचवं पोचव, अन् काही बोलू नको. पण मी बोलतो. मी तुमच्याकडून घेतली तेवढीच मजुरी घेतली, त्यांच्याकडून चहा घेतला."

चाकं तुझी आहेत हे आधी का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला, "भाऊ म्हणाले, माझं नाव घेतलं तर नाना चाकं परत पाठवतील. त्यांनी माझं पाकीट परत पाठवलं होतं."

मी पुरचुंडी सोडली. पिवळे तांदूळ, एक सुपारी. तेवढ्यात तुझी वहिनी आतून आली आणि चार घडी केलेली फडकी माझ्या मांडीवर ठेवली. त्यांवर चार सुपाऱ्या होत्या. मी तिठ्यावर टाकून आलो त्याच्या मागे जाऊन तिने त्या उचलून आणल्या होत्या, आणि तीन आठवडे डब्यात ठेवल्या होत्या. "मले तव्हाच समजलं व्हतं," म्हणाली. "पण तुमाले सांगणार कोण?"

थोरल्या घरची पाच सुपाऱ्यांची अक्षत. तू रीत सोडली नव्हतीस. ओट्यावर तुझा पाय चालत नाही, तुझं पाकीट मी घेत नाही. मग चाकांवर बांधून पाठवलीस. आणि मी मोजत बसलो. जन्मभर मोजत आलो, आणि एक कमी भरली तर उरलेली कुठे आहे असं विचारायच्या ऐवजी तुझ्यावर आणि त्या बिचाऱ्या कमलबाईवर करणीचा आळ घातला. तिला माझ्यातर्फे सांग. काय सांगायचं ते तूच जुळव, मला समोर उभं राहून सांगायचं आहे पण शब्द फुटतील याची खात्री नाही.

मी तिथेच रडलो, बन्सी. हनीफसमोर. त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या, आधी स्टेपनी बसवू."

मी तुला नाही नाही ते लिहिलं. तुझं एकच पाकीट आलं, ते मी फोडलं नाही. तू माझी सगळी फोडलीस. टायर मिळत नाही हे वाचलंस आणि चाकं पाठवलीस. करणीचं वाचूनही पाचवं पाठवलंस. आबांची उरलेली तीन चाकं तुझ्या दुकानाच्या भिंतीवर टांगलेली आहेत आणि दसऱ्याला त्यांना तू झेंडू घालतोस, हेही हनीफने सांगितलं. दोन झिपरूला दिलीस ते बरं केलंस. आबांनीही दिली असती.

आज अक्षय्य तृतीयेची, आबांच्या नावाची घागर पुजली. आमरस केला होता. नैवेद्य दाखवून झाल्यावर मी पहार घेतली. हनीफ म्हणाला, "नाना, तुम्ही नका, मी फोडतो." मी म्हटलं, हे काम माझं आहे. दोन बोटं पुरतील, तरी मी पाहिजे तेवढा फोडीन. तुझी वहिनी विटा उचलून भिंतीकडेला रचत होती. झुंबरबाई तिकडून ओरडली, काय चाललंय हे सणाच्या दिवशी? वहिनी म्हणाली, "लगीनघर शे." गल्लीला मग जास्त विचारायचं राहिलं नाही.

दुपारी चार वाजता गाडी फाटकाबाहेर आली. अकरा वर्षांनी. पोरं मागे धावली, कोणी कोणी चाकांना हात लावून बघत होतं. हनीफने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, ती फैजपूरच्या तोंडाला उभी राहिली. सध्या तिथेच आहे. मी ओसरीतून तिच्याकडे बघत लिहितो आहे.

दहा तारखेला पहाटे निघू. हनीफ चालवेल. मागे मी आणि तुझी वहिनी, पायाशी केळीचे दोन घड. पुष्पीला सांग, हॉर्न अजून वाजतो. तिला मास्तरांच्या घरी याच गाडीतून जायचं असेल तर गाडी दारात असेल. नको असेल तरी असेल. चाकं जाड आहेत म्हणून ती हसली तर हसू दे.

लग्न आटोपलं की तू आमच्याबरोबर इकडे यायचं. हे मी विचारत नाही, सांगतो आहे. घरी येताना फाटकात डावीकडे वळावं लागतं आणि तुझ्या पोच्यामुळे गाडी तिकडे नीट वळत नाही. मागून ढकलायला माणूस लागेल, आणि मी आता एकसष्टचा झालो.

विटा तशाच रचून ठेवल्या आहेत. नवा ओटा कुठवर घ्यायचा आणि गाडीला किती जागा सोडायची, ते तू येऊन सांग, त्याशिवाय मी गवंडी लावणार नाही. तुझा पाय ओट्याला लागला तर ओटा फोडीन असं मी चार माणसांत बोललो होतो. माझा शब्द मी आधीच पाळून ठेवला आहे. तुझा पाय लागायचा तेवढा राहिलाय.

तुझा,
नाना